गावचे जुने घर राहते करताना: आधी छप्पर, मग पाणी, शेवटी सौर पॅनेल

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील वडिलोपार्जित घर पुन्हा राहते करावे, आणि तेही शक्य तितके स्वयंपूर्ण, असा विचार ठाणे-नवी मुंबईतील अनेक कुटुंबे करतात. मात्र त्यांपैकी बहुतेकांचा पहिला फोन सौर पॅनेल बसवणाऱ्याला जातो. माझ्या मते तो शेवटचा असावा, कारण छप्पर, भिंती आणि पाण्याची सोय ठरल्याशिवाय घराला वीज किती लागेल हे सांगता येत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी एक पावसाळा घर पाहावे. मुसळधार पावसाच्या दिवसांत तेथे मुक्काम करून छप्पर कुठे गळते, भिंतीत ओल किती वर चढते, अंगणातील पाणी कोणीकडे वाहते आणि विहीर किती भरते, हे वहीत लिहून ठेवावे. याच काळात घराचा नमुना आठचा (ग्रामपंचायतीतील घराच्या नोंदीचा) उतारा काढावा, आणि वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल तर ती आपल्या नावावर करून घ्यावी. हे राहून गेले की पुढे सौर अनुदानाचा अर्ज अडतो.

छपराचे काम दिवाळीनंतर सुरू करून मृग नक्षत्रापूर्वी संपवावे. सर्व कौले उतरवून वासे आणि रिपा वाळवीसाठी तपासाव्यात, पोखरलेले लाकूड बदलावे आणि चांगली कौले पुन्हा शाकारावीत. कौले काढून सिमेंटचे पत्रे किंवा स्लॅब टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण तो ऐकण्यापूर्वी विचार करावा: कौलांच्या फटींतून माळ्यावरची गरम हवा निघून जाते, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. काळोख्या माजघरावर एक-दोन काचेची कौले बसवली, तर दिवसा दिवा लावावा लागत नाही. आपण साधारण १९ अंश अक्षांशावर असल्याने मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तापते ती पश्चिमेची, आणि तिथले तिरपे ऊन केवळ वळचणीने अडत नाही. म्हणून त्या बाजूला पडवी काढावी किंवा झाडे लावावीत. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, कारण आत शिरलेली ओल त्यामुळे बाहेर पडत नाही आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. माती किंवा चुन्याचा गिलावाच योग्य.

पाण्याचा हिशेब मात्र निवांत करावा लागतो. भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाऊस कमी नाही, साठवण कमी आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. त्यामुळे १०० चौरस मीटर छपरावर २,००० मिलिमीटर पावसात, गळती आणि उडणारे पाणी वजा केले तरी, सुमारे दीड लाख लिटर पाणी येते. तरीही सगळ्या गरजा टाकीतून भागवण्याचा हट्ट धरू नये. चौघांच्या कुटुंबाला प्रत्येकी १०० लिटर धरल्यास आठ कोरड्या महिन्यांसाठी ९६,००० लिटर लागतात, आणि एवढी टाकी परवडत नाही. पिण्या-स्वयंपाकापुरते माणशी १० लिटर धरल्यास मात्र ९,६०० लिटर होतात. म्हणजे १०,००० लिटरची बंदिस्त टाकी पुरते. पन्हाळीतून येणारे पहिल्या सरींचे पाणी बाजूला सोडावे, पुढचे गाळून टाकीत घ्यावे आणि टाकी भरल्यावर उरलेले विहिरीजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडावे. आंघोळीचे सांडपाणी केळी-आळूला द्यावे. शौचालय दोन खड्ड्यांचे असावे, पण विहिरीपासून पुरेसे दूर. गोबर गॅसचा मोह अनेकांना होतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, तेव्हा दावणीला चार-पाच जनावरे नसतील तर तो विषय सोडून द्यावा.

आता वीज. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा ३० च्या आसपास. असे पाच पंखे रोज दहा तास चालवले तरी दीड युनिट होते. दिवे, फ्रिज आणि अर्धा तास मोटर मिळून एकूण खर्च साडेतीन युनिटांच्या आत राहतो. एक किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देते, पण पावसाळ्यात बरेच कमी. म्हणून दोन किलोवॅट घ्यावे, ज्यावर केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ६०,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल कौलांवर चढवू नयेत, कारण पुढे फुटके कौल बदलायला हात पोहोचत नाही. घरामागे न्हाणीघरासारखे स्लॅबचे बांधकाम असेल तर त्यावरची जागा पाहावी, आणि तोंड दक्षिणेकडे ठेवावे.

एक गोष्ट विक्रेते क्वचितच आपणहून सांगतात: नेट मीटरवरचा (जास्तीची वीज महावितरणला देऊन तिचा हिशेब ठेवणाऱ्या मीटरवरचा) साधा इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. गावात वीज वारंवार जात असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन पंखे, दिवे आणि फ्रिज एवढेच बॅटरीवर ठेवावेत. मोटर दुपारच्या उन्हात चालवून वरची टाकी भरून घेतली, की लहान बॅटरीवरही रात्र निघते.