गुठळी शोधायला प्लेटलेट लेबल करायच्या असतील तर (लॅबमध्ये नवीन आलेल्यांसाठी)

आधीच सांगते, पायात गुठळीची शंका आली की पहिली टेस्ट डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि फुप्फुसाची असली तर सीटी अँजिओ, त्यात काही बदललेलं नाही. पण डॉपलर किंवा सीटी दाखवतं की गुठळी आहे, ती अजून 'चालू' आहे का, म्हणजे नव्या प्लेटलेट येऊन तिला चिकटतायत का, ते नाही कळत. त्यासाठी पेशंटच्याच प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) इंडियम-१११ हे रेडिओॲक्टिव्ह द्रव्य लावून परत सोडायच्या आणि गॅमा कॅमेऱ्यात बघायचं कुठे जाऊन बसतात. १९७६ मध्ये मॅथ्यू ठाकूर आणि सहकाऱ्यांनी हे लेबलिंग दाखवलं, आणि मूळ स्टेप्स अजून जवळपास त्याच आहेत.

सगळा खेळ एकाच गोष्टीचा आहे, प्लेटलेट लॅबमध्येच भडकता (ॲक्टिव्हेट होता) कामा नये. भडकली की ती गुठळीपर्यंत पोचतच नाही, लिव्हर किंवा फुप्फुसात अडकते.

म्हणून रक्त काढतानाच काळजी घ्या. जाड सुई, १९ गेज किंवा त्याहून मोठी, आणि पट्टा जास्त वेळ आवळून ठेवायचा नाही. पहिले दोन-तीन एमएल वेगळ्या सिरिंजमध्ये काढून टाकून द्या कारण सुई टोचताना टिश्यूला लागतं ना, त्याने गोठण्याची प्रक्रिया सुरू होते. मग ५० एमएलच्या सिरिंजमध्ये आधी ७ एमएल एसीडी (ॲसिड-सायट्रेट-डेक्स्ट्रोज, रक्त गोठू न देणारं द्रावण) भरून त्यावर ४३ एमएल रक्त, हळू ओढायचं. ट्यूब प्लास्टिकच्याच, काच नको. फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका.

सेंट्रीफ्यूजमध्ये २०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) साधारण १५ मिनिटं फिरवा, लाल पेशी खाली बसतात. वरचं पिवळसर प्लाझ्मा काढताना शेवटच्या थेंबासाठी लोभ करू नका, लाल पेशी आल्या तर इंडियम त्यांनाही लागतं आणि इमेजमध्ये सगळ्या शिरा चमकतात. त्यात थोडं एसीडी घालून पीएच ६.५ च्या आसपास आणा आणि मग जास्त वेगाने फिरवा. खाली प्लेटलेटचा गोळा बसतो, वरचा प्लाझ्मा जपून ठेवा, तो नंतर लागतो.

गोळा एसीडी मिसळलेल्या सलाईनमध्ये अगदी अलगद सोडवायचा, पिपेटने फसाफसा मारायचं नाही. आणि आता ट्यूब लाईटसमोर धरून हळूच फिरवा, आत रेशमासारखी चमक हलताना दिसली तर प्लेटलेट चपट्या आहेत, ठणठणीत आहेत. चमक गेली, नुसतं गढूळ दिसतंय किंवा बारीक कण तरंगतायत, तर थांबा, पुढे जाऊन फायदा नाही.

प्लाझ्मा आधी बाजूला का काढला? त्यातलं ट्रान्सफरिन इंडियम पळवतं. आता इंडियम-ऑक्सिन घाला; ऑक्सिन हे इंडियमला धरून नेणारं रसायन, ते इंडियमला पेशीच्या आत नेऊन सोडतं आणि आत ते प्रोटीनला घट्ट चिकटतं. १५-२० मिनिटं ठेवा, मग जपून ठेवलेला प्लाझ्मा घाला म्हणजे उरलेलं मोकळं इंडियम तो ओढून घेतो, पुन्हा फिरवा, वरचं काढा. गोळ्यातली आणि वरच्या पाण्यातली ॲक्टिव्हिटी मोजा, दोन्हीच्या बेरजेत गोळ्याचा वाटा किती टक्के ते म्हणजे लेबलिंग एफिशियन्सी. शेवटी प्लाझ्मामध्येच मिसळून परत द्यायचं. हे सगळं स्टराईल हूडमध्ये, शील्डच्या मागे, आणि एका वेळी एकच पेशंट!! दुसऱ्याचं रक्त गेलं तर ती ट्रान्सफ्युजनची चूक होते, म्हणून नाव प्रत्येक ट्यूबवर.

इमेज घाईत घेऊ नका. लेबल झालेल्या प्लेटलेट रक्तात फिरतच असतात, सुरुवातीला बॅकग्राऊंड खूप असतं. २४ तासांनी बरंच साफ होतं, हृदयातली गुठळी शोधत असाल तर ४८-७२ तासांपर्यंत थांबावं लागतं, इंडियमचा हाफ लाईफ (ॲक्टिव्हिटी निम्मी व्हायला लागणारा वेळ) २.८ दिवस म्हणून ते जमतं. स्प्लीन (प्लीहा) भरपूर चमकणारच, नॉर्मल माणसातही तिसरा हिस्सा प्लेटलेट तिथेच असतात, रेडिएशनचा सगळ्यात जास्त डोसही तिलाच. लिव्हर जास्तच चमकतंय तर लेबलिंगवर शंका घ्या. आणि काहीच दिसलं नाही म्हणून गुठळी नाही असं लिहू नका, जुनी गुठळी नवीन प्लेटलेट घेत नाही आणि हेपरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) चालू असेल तरी सिग्नल पडतो.

एवढी उठाठेव नको असेल तर दुसरा रस्ता म्हणजे भडकलेल्या प्लेटलेटवरच्या जीपी-टू-बी-थ्री-ए रिसेप्टरला चिकटणारा ट्रेसर (कॅमेऱ्यात दिसणारं रेडिओॲक्टिव्ह द्रव्य) थेट शिरेतून द्यायचा. टेक्निशियमवाल्या ॲपसिटाईडला अमेरिकेत १९९८ मध्ये पायातल्या ताज्या गुठळीसाठी मान्यता मिळाली होती, आता पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-१८ वाल्या जीपी-वन या ट्रेसरवर काम चालू आहे, हाफ लाईफ ११० मिनिटं, रक्त काढायची भानगडच नाही. फक्त टायरोफिबान किंवा एप्टिफिबाटाईड (प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणारी औषधं) चालू आहे का ते फाईलमध्ये आधी बघा, ती औषधंही त्याच रिसेप्टरवर बसतात.