अलास्कातली मूसची पहिली शिकार: आखणी शेवटाकडून सुरू करा

अमेरिकेत राहून हरणाच्या शिकारीचा नाद लागलेली मराठी माणसं मोजकीच, पण आहेत. दोन-चार हंगाम झाले की त्यांना अलास्काची स्वप्नं पडू लागतात आणि मग रायफल कोणती घ्यावी, दुर्बीण कुठली, बूट कसले, यावर रात्र-रात्र खल चालतो. माझ्या मते हे सगळं नंतरचं. पहिला प्रश्न असा की मूस पडल्यावर त्याचं मांस जंगलातून बाहेर कसं काढणार? त्याचं उत्तर कागदावर मांडता आलं, तर माणसं किती, विमान कुठलं, तळ कुठे, हे बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात.

मांसाचा हिशेब

मूस हा हरणाच्या कुळातला जगातला सर्वात मोठा प्राणी आणि अलास्का-युकॉनकडची त्याची जात त्यातही सर्वात मोठी. ऐन भरातला नर ५४० ते ७२५ किलोपर्यंत भरतो. आपल्याकडचा दांडगा सांबरसुद्धा सहसा याच्या निम्म्यावर येत नाही. ७२५ किलोच्या नरापासून कोथळा, कातडं, हाडं वगळून खाण्याजोगं मांस साधारण २२५ किलो मिळतं. हाडासकट उचललं तर वजन आणखी वाढतं. मागचा एक फराच (म्हणजे मांडीसकट अख्खा पाय) ५५-६० किलोचा असतो.

खाण्याजोगं सगळं मांस बाहेर आणणं कायद्याने सक्तीचं आहे. चारही फरे, मान, छाती, बरगड्या, पाठीच्या कण्यालगतचं मांस, काहीच सोडता येत नाही. काही विभागांत १ ऑक्टोबरच्या आधी फऱ्यांचं आणि बरगड्यांचं मांस हाडावरून सोडवायलाही बंदी आहे, कारण हाडावरचं मांस कमी खराब होतं. शिंगं सगळ्यात शेवटी निघतात: मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा तिच्या नंतर. मांस टाकून शिंगं घेऊन आलेल्याला अलास्कात तुरुंगवास होऊ शकतो.

आता गणित करा. पाठीवर ३० किलोचं ओझं म्हटलं तर नऊ-दहा खेपा. तळापासून दीड किलोमीटरवर मूस पाडला आणि तुम्ही दोघे असलात, तर प्रत्येकाला पंधराएक किलोमीटर चाल, त्यातली निम्मी ओझ्यासकट. जमीन कशी? गवताचे डोक्याएवढे डुलणारे गड्डे, मधे गुडघाभर चिखल, वर कमरेइतकी विलोची झुडपं. म्हणून दीड किलोमीटर ही मी शेवटची हद्द धरतो. त्यापलीकडे कितीही मोठा नर दिसला तरी तो बघायचा, फोटो काढायचा आणि चहा टाकायचा. एकट्याने जाऊ नये. तिघे असतील तर उत्तम, पण एकाच मूससाठी. तिघांनी तीन पाडायचे बेत आखले की गणित पुन्हा शून्यावर येतं.

कोणाला जाता येतं

दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला अलास्कात मूससाठी परवानाधारक गाइड सक्तीचा नाही. (तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी आहे.) पण जो अमेरिकेचा नागरिकही नाही आणि रहिवासीही नाही, म्हणजे समजा पुण्याहून येणारा तुमचा मावसभाऊ, त्याला कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी गाइड घ्यावाच लागतो, आणि गाइडसह मूसची शिकार २०,००० डॉलरच्या पुढे सहज जाते.

एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी इथे थांबून नीट वाचावं. संघराज्याच्या कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल ‘नुसती धरून बघायची’ असली तरी हाच क्रम. शंका असेल तर वकिलाची फी भरा, ती इमिग्रेशनच्या भानगडीपेक्षा स्वस्त पडते.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला शिकार परवाना १६० डॉलर, मूसचा कुलूपवजा टॅग (पाडलेल्या प्राण्याला अडकवायची पट्टी) ८०० डॉलर. त्याशिवाय हार्व्हेस्ट तिकीट (शिकारीची नोंद करायचं कार्ड) किंवा त्या भागाचं परमिट. सोडतीच्या परमिटांचे अर्ज १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबरमध्ये भरायचे, निकाल फेब्रुवारीत. म्हणजे सप्टेंबरच्या शिकारीची तयारी आदल्या दिवाळीच्या सुमारास सुरू होते.

जागा निवडणं

अलास्काचे शिकारीसाठी २६ विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येकाचे, कधी कधी एकाच विभागातल्या दोन नद्यांचे, नियम वेगळे. मत्स्य आणि शिकार खात्याची नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते. गेल्या वर्षीची मित्राकडून आणून भागवू नका.

नकाशावर तीन गोष्टी पाहा. एक, जमीन कोणाची. १९७१च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या कंपन्यांना (नेटिव्ह कॉर्पोरेशन) सुमारे ४.४ कोटी एकर जमीन मिळाली. ती खाजगी आहे, परवानगीशिवाय तिथे शिकार नाही. दोन, संघराज्याच्या काही जमिनी फक्त स्थानिक ग्रामीण लोकांसाठी राखलेल्या असतात. त्यांचा हिवाळा या मांसावर निघतो, हे लक्षात ठेवून वागलात तर गावात दोन शब्द गोड ऐकू येतील. तीन, वाहनाची बंधनं: कोयुकुक नदीकाठच्या नियंत्रित क्षेत्रात मूसच्या शिकारीसाठी विमान वापरायलाच बंदी आहे, तिथे होडीने जावं लागतं.

मग खात्याच्या त्या भागातल्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. ‘कुठे मिळेल?’ असं विचारू नका, कंटाळलेलं उत्तर मिळेल. नर-मादीचं प्रमाण काय आहे, गेला हिवाळा कसा गेला, गर्दी कुठे होते, असं विचारा. लोक मोकळेपणाने बोलतात.

विमान आणि वैमानिक

बेथेल, मॅकग्रा, गलीना, ॲनिॲक ही गावं रस्त्याने जोडलेलीच नाहीत. तिथवर नेहमीचं विमान, पुढे बुश प्लेन, म्हणजे धावपट्टीशिवाय रानात उतरणारं छोटं विमान. त्यातल्या सुपर कबमध्ये वैमानिकामागे एक माणूस आणि थोडं सामान. मोठ्या टायरांवर ते नदीच्या वाळूवरही उतरतं. बीव्हर नावाचं मोठं विमान पाण्यावर उतरतं आणि बरंच जास्त वजन नेतं. आरक्षण वर्ष-दीड वर्ष आधी करावं लागतं.

या विमानवाल्यांना तुम्हाला नेऊन सोडायची आणि परत आणायची मुभा असते, शिकारीत मदत करायची नाही. त्यामुळे फोनवर विचारायचं ते असं: माणशी किती किलो सामान चालेल? मांसाच्या फेऱ्यांचे पैसे वेगळे का? त्याच जागी दहा दिवसांत आणखी कोणाला सोडणार आहात का? मूस पडल्याचा निरोप दिला तर मांस लवकर उचलाल का? या शेवटच्या प्रश्नावर जो आढेवेढे घेतो, त्याला मी धन्यवाद देऊन फोन ठेवतो.

विमानाने उतरलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. आणि ठरलेल्या दिवशी विमान येईलच असं धरू नका. धुकं, पाऊस, वारा यांपुढे कोणाचं चालत नाही, म्हणून तीन-चार दिवसांचा शिधा जास्तीचा ठेवा. परतीचं तिकीट बदलता येणारं काढा.

शिंगं ओळखायला शिका

बाहेरच्या शिकाऱ्याला बहुतेक ठिकाणी तोच नर चालतो ज्याच्या शिंगांचा पसारा किमान ५० इंच आहे, किंवा ज्याच्या एका तरी बाजूला कपाळावरचे पुढे आलेले फाटे ठरलेल्या संख्येइतके आहेत. विभागानुसार तीन किंवा चार. फाटा मोजायलाही नियम आहे: लांबी किमान एक इंच आणि रुंदीपेक्षा जास्त.

पन्नास इंच दुरून ओळखायचे कसे? नर समोर तोंड करून उभा असेल तर डोळ्यांमधलं अंतर साधारण दहा इंच धरतात. प्रत्येक डोळ्याच्या बाहेर तसली दोन-दोन मापं भरली तर पन्नासच्या आसपास. पण नवख्याच्या नजरेला प्रत्येक नर साठ इंची वाटतो. एक तर छाती धडधडत असते, त्यात शिंगाचं पातं रुंद असलं की पसाराही मोठा भासतो. म्हणून पसारा काठावरचा असेल तर फाटे मोजा. दुर्बीण तिपाईवर ठेवा, तो मान वळवेपर्यंत थांबा, डावीकडचे मोजा, उजवीकडचे मोजा, जोडीदाराकडून तुमचा आकडा न सांगता मोजून घ्या. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर गोळी नाही. कायदेशीर नर कोणता हे शिकवणारा व्हिडिओ खात्याने काढला आहे. तो घरी बसून पुन्हा पुन्हा पाहा.

सामान

सप्टेंबरमध्ये पाऊस, चिखल, पहाटे गोठण, क्वचित बर्फ. सुती कपडे घरी ठेवा; लोकर आणि चांगला रेनकोट. चामडी बुटांपेक्षा उंच गमबूट किंवा मांडीपर्यंतचे रबरी बूट कामाला येतात. वाऱ्यात टिकणारा तंबू, दोन मोठ्या ताडपत्र्या (एक तुमच्यासाठी, एक मांसासाठी), भरपूर दोरी, छोटी कप्पी, मजबूत फ्रेमची पाठपिशवी, हवा खेळेल अशा कापडी मांसपिशव्या दहाएक. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवंच. पाणी उकळून किंवा गाळून प्यायचं, नाहीतर जिआर्डियाने (पोट बिघडवणाऱ्या जंतूने) आठवडा वाया जाईल.

अस्वलाला पळवून लावायचा स्प्रे आणि शेगडीचा गॅस प्रवासी विमानात नेता येत नाही; दोन्ही अँकरेज किंवा फेअरबँक्सला विकत घ्या आणि स्प्रे जवळ आहे हे बुश वैमानिकाला आधी सांगा.

रायफलबद्दल एवढंच: थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची पुरते. त्याहून ताकदवान थ्री-थर्टी-एट मॅग्नम घेऊन धक्क्याच्या भीतीने डोळे मिटणाऱ्यापेक्षा थर्टी-ओ-सिक्सने दोनशे यार्डांवर नेमका मारणारा बरा.

साद घालणं आणि थांबणं

सप्टेंबरच्या सुरुवातीला नर गप्प असतात. माजाचा भर महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत, त्यामुळे हंगामाचे शेवटचे दहा दिवस मी पसंत करतो. मादीची लांब, नाकातली, रडवेली साद दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावून घालता येते. नराचा तुटक हुंकार, आणि मूसच्या खांद्याचं वाळलेलं हाड झुडपांवर घासणं, म्हणजे दुसरा नर शिंगं घासतोय असं त्याला वाटतं. तो लगेच येईलच असं नाही. कधी दुसऱ्या दिवशी येतो, त्याच जागी. त्याची नजर कमजोर, कान आणि नाक फार तिखट. उंचवट्यावर वाऱ्याच्या उलट अंगाला बसा आणि तिथेच बसा. नवखे लोक भटकतात आणि आपला वास अख्ख्या खोऱ्यात पसरवतात.

गोळीनंतर

नेम फुप्फुसांवर. गोळी लागली तरी मूस अनेकदा नुसता उभा राहतो, जणू काही झालंच नाही. तो पडेपर्यंत पुन्हा मारा, विशेषतः जवळ पाणी असेल तर. पाण्यात पडलेला सहाशे किलोचा प्राणी दोघांना हलत नाही, आणि थंडगार पाण्यात उभं राहून तो कापणं ही शिक्षा आहे.

लगेच हार्व्हेस्ट तिकिटावरचा दिवस-महिना कापा आणि टॅग लावा. मग काम. पाय दोरीने झुडपाला ताणून बांधा, वरच्या अंगाचं कातडं सोला, पुढचा फरा अंगापासून सोडवा. त्याला हाडाचा सांधा नसतो, सुरी नुसती फिरते. मागच्या फऱ्याला खुब्याची वाटी शोधावी लागते. कण्याजवळचा लांब पट्टा, मान, बरगड्या. मग उलटवा आणि तेच पुन्हा. काही विभागांत नर असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो, तो अवयव घाईत कापून टाकू नका. दोन नवख्या माणसांचा यात अर्धा दिवस जातो.

मांसाचे शत्रू तीन: उष्णता, ओल, घाण. फरे जमिनीवर ठेवू नका, फांद्यांच्या थरावर ठेवा. पिशव्यांत घालून आडव्या बांधलेल्या खांबाला टांगा, वर ताडपत्री, बाजू उघड्या. वरून कोरडी, कडक साल धरली की माशा बसत नाहीत. ही जागा तंबूपासून शंभरेक मीटर लांब आणि दुरून दिसणारी हवी, म्हणजे सकाळी तिकडे जाताना अस्वल आहे का हे आधी कळतं. आतड्यांचा ढीग जिथे पडला तिथे पुन्हा जाताना मोठ्याने बोलत जा. बॅटरीवरचं हलकं विजेचं कुंपण मिळतं. मी ते मांसाभोवती लावतो, काहीजण तंबूभोवती.

गावात परतल्यावर

एवढं मांस घरी नेणं परवडणार नसेल तर गावात द्या. कोणाला हवंय ते वैमानिकाला ठाऊक असतं. देताना ताबा हस्तांतराचा कागद दोघांनी भरायचा. उरलेलं अँकरेज किंवा फेअरबँक्सच्या खाटिकाकडे. सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडे रांग असते, म्हणून जाण्याआधीच बोलून ठेवा. शिकारीचा अहवाल पंधरा दिवसांत खात्याला पाठवायचा, ऑनलाइन भरता येतो.

आणि निघण्यापूर्वीच घरचा फ्रीजर मोजून घ्या. पूर्ण मूसला चौदा-पंधरा घनफूट जागा लागते. स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पहिला फराही मावणार नाही.