कॉइल, सळ्या, पाइप आणि गळके ट्रान्सफॉर्मर: ट्रेलरवर अवघड माल कसा बांधायचा

कंटेनर चालवणारी पोरं फ्लॅट ट्रेलरवर आली की त्यांना वाटतं घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) तोच, रस्ता तोच, शिकायचं काय त्यात. कंटेनरला चार कोपऱ्यात ट्विस्टलॉक (कंटेनर पकडून ठेवणाऱ्या खिट्ट्या) फिरवले की काम झालं, इथं मात्र पाट्यावरचा, म्हणजे ट्रेलरच्या सपाट तळावरचा माल आणि तुमची पाठ यांच्यात तुम्ही स्वतः बांधलेली चेन सोडली तर काहीच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, तुमच्या क्लीनरलापण वाचून दाखवा.

सगळ्यात आधी कॉइल, म्हणजे स्टीलच्या पत्र्याची गुंडाळी. डोलवीच्या स्टील कारखान्याकडून भरायची, बोरघाट चढायचा आणि चाकण नाहीतर रांजणगावला खाली करायची, हे आमचं रोजचं. माणसाच्या उंचीची एक कॉइल वीस टनापर्यंत भरते. मधल्या भोकाला आपण डोळा म्हणतो, आणि तो डोळा कुठल्या दिशेला आहे यावर बांधणी ठरते. डोळा गाडीच्या बाजूंना असेल तर कॉइल चाकासारखी उभी असते, जोरात ब्रेक लागला की ती पुढे केबिनकडेच येणार. डोळा पुढे-मागे असेल तर वळणावर बाजूला लोळायला बघते, आणि ब्रेकला घसरत पुढे येते ते वेगळंच. डोळा आभाळाकडे असेल तर लोळत नाही पण घसरते, आणि कॉइल उंच आणि अरुंद असेल तर कलंडतेपण. खड्डा असलेला कॉइलचा खास ट्रेलर असेल तर निम्मं काम तिथंच झालं. साध्या पाट्यावर मात्र खाली दोन जाड लाकडं, दोन्हीकडून पाचरी, आणि ती लाकडं एकमेकांपासून फाकणार नाहीत अशी आपसात बांधलेली पाहिजेत. कॉइल लाकडांवर बसली पाहिजे, पाट्याला टेकलेली नको. लोखंडावर लोखंड म्हणजे घसरगुंडी, त्यामुळे जिथं शक्य तिथं मध्ये रबराची मॅट घालाच.

चेन किती लावायच्या याचा हिशोब अमेरिकेच्या नियमात सोपा दिलाय, मी तोच वापरतो. सगळ्या चेनची मिळून कामाची ताकद (म्हणजे चेन बिनधोक पेलेल तेवढं वजन) मालाच्या वजनाच्या निम्मी तरी पाहिजे. ग्रेड ७० ची १० मिमीची चांगली चेन साधारण ३ टन धरा, म्हणजे वीस टनाच्या कॉइलला चार चेन, तीनवर भागत नाही. एका बाजूच्या हुकाला अडकवून कॉइलवरून किंवा डोळ्यातून दुसऱ्या बाजूला नेलेली चेन पूर्ण मोजायची, गेली त्याच बाजूला परत आली तर निम्मीच मोजायची. आणि ओढ दोन्हीकडे पाहिजे, काही चेन पुढे जाऊ देत नाहीत, काही मागे. कडेला चेन घासते तिथं जाड रबर किंवा गोणपाटाची घडी घाला, नाहीतर पत्र्याची धार खराब होते आणि पार्टी भाडं कापते. हॉट रोल्ड कॉइल कधीकधी गरमच भरतात, तिला पट्ट्याचा बेल्ट लावायचा नाही, वितळतो, चेनच लावायची. गॅल्व्हनाइज्ड आणि कोल्ड रोल्डला कोकणच्या पावसात ताडपत्री नीट पाहिजे, आत पाणी गेलं की गंज धरतो आणि दोष ड्रायव्हरवर येतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी कधी विसरणार नाही. जुलै महिना, दोन कॉइल भरल्या होत्या, लोडिंगवाल्यांनी खाली जुने ओले लाकडी गुटके घातले. मी बोललो, तर म्हणाले सगळे असेच नेतात. मला घाई होती, मी निघालो. पण सवयीप्रमाणे कॉइल, गुटका आणि पाटा तिन्हीवरून खडूची एकच सरळ रेघ मारली होती, आणि पाऊस लागू नये म्हणून ताडपत्रीच्या आतल्या बाजूला. खोपोलीच्या अलीकडे उतरलो, ताडपत्री वर केली, टॉर्च मारला, तर पाट्यावरची रेघ एकीकडे आणि कॉइलवरची चार बोटं पुढे. गुटका दाबून चपटा झाला होता, चेन हाताने हलत होती. घाट चढायच्या आधी कळलं. त्या रात्री रस्त्याकडेला बसून पाचरी बदलल्या, भाड्याला उशीर झाला, पार्टीची बोलणी खाल्ली, मालकाने मात्र एक शब्द काढला नाही. तेव्हापासून ओला गुटका दिसला की मी गाडी काट्यावर नेतच नाही, आधी बदला म्हणतो. तुम्हीपण म्हणा. तिथं दहा मिनिटं वाद घालणं परवडतं.

खडूची रेघ सगळ्यांनी शिकावी, खर्च काहीच नाही. निघाल्यावर पहिल्या ७०-८० किलोमीटरच्या आत एकदा थांबून चेन बघायचीच कारण लाकूड दबतं आणि माल बसतो, सुरुवातीला घट्ट वाटलेली चेन तिथंच सैल होते. पुढे दर तीन तासांनी, आणि घाटाच्या तोंडाशी वेगळं एकदा.

जालन्याच्या सळ्यांचं दुखणं वेगळं. बाराबारा मीटरच्या, तारेने बांधलेल्या मोळ्या. वरून चेन टाकली की वरच्या दबतात, पण मधल्या सळ्या मोळीच्या आतूनच सरकतात, आणि ब्रेकला हेडबोर्ड (पाट्याच्या पुढची, केबिनमागची आडवी भिंत) फोडून केबिनमध्ये येतात. अशा गाड्या ज्यांनी बघितल्यात त्यांना जास्त सांगायला नको. म्हणून निदान तीन ठिकाणी चेनचा पूर्ण वेढा घ्यायचा, सगळ्या मोळीला खालून-वरून गुंडाळून मगच ओढायचं, आणि पुढचं टोक हेडबोर्डला भिडलेलं पाहिजे, मध्ये जागा सोडायची नाही. मागे बाहेर काढायचं नाही. पूर्वी मीटरभर बाहेर चालायचं, २०१४ मध्ये ती सूट काढून टाकली, आता बाहेर आलेल्या मालाला २०,००० दंड आहे. दंड सोडा, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती सळई दिसत नाही हो.

ओव्हरलोडचंही तसंच. २०१८ ला मोठ्या ट्रेलरची गाडीसकट एकूण वजनाची मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली, त्यात बसेल तेवढंच भरायचं. वर गेलात तर २०,००० आणि प्रत्येक जादा टनाला २,००० शिवाय माल उतरवून घ्यावा लागतो.

जुने ट्रान्सफॉर्मर कोणालाच नको असतात. वजन वरच्या बाजूला, आणि गळणाऱ्या तेलाने पाटा निसरडा, कपड्यांना वास दोन दिवस जात नाही. भरायच्या आधी झाकणं आणि व्हॉल्व्ह बघा, गळत असेल तर पार्टीला बंद करायला लावा, पाट्यावर वाळू किंवा भुसा टाका, त्यावरून चढताना बूट पुसा. चेन फक्त उचलायच्या हुकांनाच किंवा बेसला, रेडिएटरच्या पात्यांना कधीच नाही. पवनचक्कीची पाती मात्र परमिट आणि एस्कॉर्ट असल्याशिवाय हातात घेऊ नका, तो वेगळा धंदा आहे.

उतारावर एकच गोष्ट. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. त्या उतारावर किती गाड्या गेल्या सगळ्यांना माहीत आहे. इंजिन बंद केलं तर कॉम्प्रेसर ब्रेकची हवा भरत नाही, सारखा ब्रेक मारला की हवेची टाकी रिकामी, स्टिअरिंग जड. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला घाला, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो वापरा, आणि वेग आधीच कमी करून उतारात शिरा, उतारात शिरून कमी करायला जाऊ नका.

खाली करताना घाई सगळ्यात जास्त होते. वीस टनाच्या कॉइलला हायड्रा (छोटी फिरती क्रेन) बोलावला असेल तर आधी विचारा किती टनाचा आहे, साधारण हायड्रा १२-१५ टनाचाच असतो. हुक डोळ्यात बसून क्रेनने वजन घेईपर्यंत शेवटची चेन सोडायची नाही. बाईंडरचा (चेन ताणून धरणाऱ्या कळीचा) दांडा उघडताना तोंड बाजूला ठेवा, तो फटकन परत येतो. आणि पाइप किंवा सळ्या असतील तर बाजूला उभ्या असलेल्या हमालांना आधी गाडीच्या टोकाला नेऊन उभं करा, मगच चेनला हात लावा.