वस्तीतला अभ्यासवर्ग चालवताना या चुका टाळा

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळी समाजमंदिरात, बुद्धविहारात किंवा एखाद्या मंडळाच्या खोलीत मोफत अभ्यासवर्ग चालवणारे गट महाराष्ट्रात थोडेथोडके नाहीत. तरीही वर्षअखेरीस अनेक ठिकाणी असे दिसते की, जी मुले आधीच बरी होती ती आणखी पुढे गेली आणि ज्यांच्यासाठी वर्ग सुरू केला होता ती दिवाळीनंतर यायचीच बंद झाली. अशा वर्गाने अंतर कमी होत नाही, उलट वाढते. कार्यकर्त्यांच्या हेतूत सहसा खोट नसते. वर्गाची मांडणी चुकलेली असते.

इयत्ता पाहून पुस्तक उघडणे

मूल सहावीत आहे म्हणून सहावीचे पुस्तक उघडले जाते आणि बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतो. इयत्तेवरून मुलाचे वय कळते, त्याला वाचता किती येते ते कळत नाही. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या वाचन-गणिताच्या पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली खरी, पण परीक्षेने तूट उघडी पडते. ती भरून काढण्याचे काम शिल्लकच राहते.

म्हणून पहिल्या आठवड्यात शिकवूच नये. एकेका मुलाला बाजूला बसवून अक्षरे, सुटे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट अशा क्रमाने वाचायला द्यावे; गणितात संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार पाहावा. पाच-सात मिनिटे पुरतात. त्यानंतर गट पाडायचे ते पातळीप्रमाणे. मात्र सातवीच्या मुलाला तिसरीच्या मुलांच्या रांगेत बसवले तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, हे धरून चालावे. मोठ्या मुलांचा गट वेगळा ठेवावा आणि त्यांच्यापुढे बालगीतांऐवजी क्रिकेटची बातमी, एसटीचे वेळापत्रक, दुकानाची पाटी असा सोपा पण त्यांच्या वयाला शोभणारा मजकूर ठेवावा.

ही पद्धत मुंबईला नवी नाही. महापालिकेच्या शाळांमध्ये ‘प्रथम’च्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शालेय शिक्षण झालेल्या तरुणी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन आणि गणित शिकवत असत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या कामाची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला होता. पण मदत थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच भाग ओसरला. तेव्हा शिकवणाऱ्याची पदवी मोठी नसली तरी चालते, मात्र एक वर्ष शिकवून वस्ती बदलणे चालत नाही.

चुकलेले गणित स्वतःच सोडवून दाखवणे

५२ वजा १७ याचे उत्तर मुलाने ४५ लिहिले. ताई फुली मारते, फळ्यावर ३५ काढून दाखवते, मूल ते उतरवून घेते आणि पुढच्या गणितात तीच चूक करते. मुलाने इथे अंदाज मारलेला नाही. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन वजा केले आणि पुढे पाचातून एक. हा त्याचा नियम झाला आहे, आणि ‘हे कसे केलेस ते सांग’ असे विचारल्याशिवाय तो कळत नाही. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन त्यातून सतरा मागाव्यात. गठ्ठा सोडावाच लागतो, हे त्याच्या हातालाच उमगते. असेच ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणाऱ्या मुलाचे असते. त्याने ‘सत्तर’ नीट ऐकलेले असते, ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

याला जोडून एक अडचण येते. जुन्या पिढीतील अनेकजण वर दहा घेऊन खालच्या दशकात एक मिळवण्याच्या रीतीने वजाबाकी शिकले, तर आज शाळेत दशक सुटे करून शिकवतात. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण दोन्ही एकदम शिकवल्या तर मूल अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची वापरते. वर्गशिक्षकांना एकदा भेटून त्यांची रीत विचारून घ्यावी आणि तीच चालवावी. मुलांसमोर शाळेला नावे ठेवण्याचा मोह मात्र टाळावा.

गृहपाठ करून घेणे आणि शिष्यवृत्तीच्या मागे लागणे

वही भरलेली दिसली की पालक खूष होतात, त्यामुळे अनेक वर्ग हळूहळू गृहपाठाचे कारखाने बनतात आणि गाईडमधली उत्तरे वहीत जातात. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हे वाईट काम नव्हे, पण ते वेगळे काम आहे. निकाल वर्तमानपत्रात छापून येतो म्हणून चांगले कार्यकर्ते तिकडे वळले, तर अडखळत वाचणाऱ्या मुलांच्या वाट्याला महिन्यातून एकदा फोटोपुरते येणारे स्वयंसेवक उरतात.

गैरहजेरीचा दोष पालकांवर टाकणे

पाण्याची वेळ, धाकट्या भावंडाला सांभाळणे, आई कामावरून परतेपर्यंत घर पाहणे, ही मुलींच्या गैरहजेरीची नेहमीची कारणे आहेत. वेळ अर्ध्या तासाने हलवली आणि भावंडाला सोबत आणू दिले तर प्रश्न बराच सुटतो. पालकसभेतल्या भाषणाने सुटत नाही. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांचे मूल दिवाळीच्या सुमारास गेले की उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. ते जाण्यापूर्वी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतराच्या गावी शाळेत शिकणे चालू ठेवता यावे म्हणून दिले जाणारे कार्ड, मिळाले का ते पाहावे आणि त्याच्या पातळीची नोंद आपल्याकडे ठेवावी, म्हणजे परतल्यावर अक्षरांपासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.

हजेरीवरून प्रगती मोजणे

सुरुवातीला घेतलेली चाचणीच दर दोन महिन्यांनी, मजकूर बदलून, पुन्हा घ्यावी. नियमित येऊनही एखादे मूल लागोपाठ दोन चाचण्यांत जागचे हलले नाही, तर त्याला आणखी सराव देण्याआधी कारण शोधावे. घरात कोरकू, वडारी किंवा पारधी बोलली जात असेल, तर त्याला अक्षरे येतात पण मराठी शब्दच ओळखीचा नसतो. अशा वेळी वाचनाआधी गप्पा आणि चित्रे हवीत. फळ्यावरचे चुकीचे उतरवणारे पण पुस्तकातले बरोबर वाचणारे मूल बहुधा लांबचे नीट पाहू शकत नसते. नजर, कान आणि वाढीच्या अडचणी तपासण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांमध्ये येते; त्याची तारीख मुख्याध्यापकांकडून घेऊन त्या दिवशी ते मूल शाळेत हजर राहील, एवढे पाहावे.