न भरणाऱ्या जखमा आणि नायट्रिक ऑक्साइड : या चुका टाळा

सोलापूरच्या उन्हाळ्यात सिद्धेश्वराच्या दर्शनाला अनवाणी गेलेल्या मधुमेही माणसाच्या तळव्याला फोड येतो. तो त्याला जाणवत नाही, रात्री पाय धुताना दिसतो. पुढे ती जखम महिनोन्महिने चिघळते, जखमेतील जंतूंच्या तपासणीच्या म्हणजे कल्चर रिपोर्टवर बहुतेक अँटिबायोटिक्ससमोर 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध निष्प्रभ) उमटतो आणि नायट्रिक ऑक्साइड हा वायू तरी हे जंतू मारेल का, असे नातेवाईक विचारू लागतात. ही आशा निराधार नाही, कारण आपल्या पांढऱ्या पेशीही जंतूंशी लढताना हाच वायू तयार करतात. मात्र त्याविषयीचे काही गैरसमज रुग्णाला थेट इजा करू शकतात.

सर्वांत मोठी चूक मात्रेकडे दुर्लक्ष करण्याची. बायोफिल्म म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेले चिकट आवरण. अत्यल्प मात्रेत नायट्रिक ऑक्साइड जंतूंना मारत नाही. स्युडोमोनाससारख्या जंतूंमध्ये तो सायक्लिक डाय-जीएमपी या संदेशवाहक रेणूची पातळी उतरवतो आणि जंतू आवरण सोडून सुटे होतात. हे सुटे जंतू जिवंत असतात, त्यामुळे त्याच वेळी योग्य अँटिबायोटिक मिळाले नाही, तर ते दुसरीकडे पुन्हा ठाण मांडू शकतात. म्हणूनच 'आता हे औषध आले, गोळ्या बंद' हा विचार मला सर्वांत घातक वाटतो. जास्त मात्रेत हा वायू जंतूंचा डीएनए, प्रथिने आणि पेशीपटल यांवर एकाच वेळी आघात करतो. परंतु तीच मात्रा आपल्या पेशींनाही अपायकारक ठरू शकते. शिवाय स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे हा वायू निष्प्रभ करणारे एन्झाइम असते, त्यामुळे एका जंतूवर चाललेली मात्रा दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

दुसरी चूक रिपोर्ट वाचण्यातली. प्रयोगशाळेत औषधाची चाचणी सुट्या जंतूंवर होते, आवरणातल्या जंतूंवर नाही. त्यामुळे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू) असलेले औषधही प्रत्यक्ष जखमेत अपुरे पडू शकते. नमुना वरच्या पुवाचा घेतला असेल, तर रिपोर्टच दिशाभूल करतो. जखम स्वच्छ केल्यानंतर तिच्या तळातील ऊतीचा तुकडा, शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी, पाठवावा असा आग्रह डॉक्टरांकडे धरा. मृत भाग कापून काढणे टाळू नका. बायोफिल्म त्यानंतर काही दिवसांत पुन्हा जमते, म्हणून ते अनेकदा वारंवार करावे लागते.

घरी नायट्राइटचे क्षार आणि आम्ल मिसळून हा वायू तयार करण्याचे प्रयोग कोणीही करू नयेत. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यापासून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, जो फुप्फुसांना जाळतो. नायट्राइट रक्तात शिरल्यास हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमताच घटते. फिशरसाठी (गुदद्वाराच्या चिरेसाठी) मिळणारे नायट्रोग्लिसरिनचे मलमही जखमेवर लावू नये, त्याने रक्तदाब घसरू शकतो. बीटच्या रसाने शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढतो, म्हणून तो पिण्याने जखमेतील जंतू मरतील, ही अपेक्षाही सोडावी.

मान्यतेविषयीही गल्लत होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1999 मध्ये नवजात बाळांच्या श्वसनविकारासाठी श्वासावाटे द्यायच्या नायट्रिक ऑक्साइडला आणि जानेवारी 2024 मध्ये मोलस्कम या विषाणूजन्य त्वचारोगासाठी नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या बर्डाझिमर जेलला मान्यता दिली. या दोन्ही मान्यता जिवाणूंनी चिघळलेल्या जखमेसाठी नाहीत. कोणी हा उपचार चाचणी म्हणून देऊ केला, तर सीटीआरआय या भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंदणी क्रमांक आणि मराठीतले संमतीपत्र मागून घ्या.

एवढे करूनही जखम हटत नसेल, तर औषध बदलण्याआधी पायाचा रक्तपुरवठा, हाडापर्यंत गेलेला संसर्ग, रक्तातील साखर आणि जखमेवर पडणारा भार तपासून घ्यावा. डॉक्टरांनी जखमेत घातलेल्या तपासणीच्या सळईला हाड लागत असल्यास एक्स-रे अवश्य काढावा. बोट काळे पडले, ताप आला किंवा लाली वर सरकू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.