आरडी मोडायला निघालात? छोट्या बचतीतल्या या चुका टाळा

पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची आवर्ती ठेव, पाच वर्षांची. महिना 100 रुपयांपासून उघडते आणि तीन वर्षांनी बंद करता येते. लोकांच्या लक्षात नेमकं हे शेवटचंच राहतं. व्याज किती मिळेल, हे कुणी विचारत नाही. मुदतीच्या एक दिवस आधी जरी खातं बंद केलं, तरी बचत खात्याचा दर लागतो, म्हणजे 4 टक्के.

नेहमीचं प्रकरण बघा. महिना 1,000 ची आरडी, दर 6.7 टक्के, 58 हप्ते भरून झालेत. जूनमध्ये पोराच्या फीला 25,000 कमी पडतात आणि गडी पासबुक घेऊन थेट काउंटरवर. खातं बंद! 58,000 वर व्याज मिळतं सहा हजारांच्या आसपास. आणखी दोन हप्ते भरले असते तर 71,366 हातात पडले असते, म्हणजे व्याजच 11,366. बरं, पैशांची नड खरी होती, मान्य. पण वर्षभर हप्ते नीट भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज याच आरडीवर मिळतं. दर आरडीपेक्षा 2 टक्के जास्त. 25,000 वर दोन महिन्यांचं व्याज झालं असतं साधारण 363 रुपये. एक अर्ज भरायचा कंटाळा पाच हजारांना पडला.

हप्ता चुकला की शंभरामागे महिना 1 रुपया दंड, आणि चार हप्ते थकले की खातं खंडित. मग दोन महिन्यांत ते चालू करून घ्यावं लागतं. खातं 15 तारखेच्या आत उघडलं तर हप्ता दर महिन्याच्या 15 पर्यंत, त्यानंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. पगार उशिरा होत असेल तर खातं 16 नंतरच उघडा.

पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, 5 तारखेनंतर पैसे भरले तर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज नाही. ऑनलाइन भरताना 5 तारखेची वाट बघू नका, 1 किंवा 2 लाच भरा. वर्षाचे किमान 500 चुकले तर दर वर्षामागे 50 रुपये दंड. आणि अडीअडचणीचा पैसा पीपीएफमध्ये ठेवूच नका, ते खातं 15 वर्षांचं आहे.

पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून सगळी पुंजी तिथे नेणाऱ्यांपुढे हात टेकले. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आणि विमा आहे म्हणून पैसे लगेच हातात येतात असंही नाही: सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. म्हणून दोन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत असू द्या.

‘एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट’ असं सांगून पॉलिसी गळ्यात मारली असेल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी परत करा.

पिग्मीवाल्याला, म्हणजे रोजची छोटी बचत दारात येऊन गोळा करणाऱ्याला, पैसे दिले की पावती त्याच दिवशी घ्या. पोस्टाच्या एजंटकडे हप्ता देत असाल तर पासबुकात नोंद झाली का ते दर महिन्याला बघा. पासबुक वर्षभर एजंटच्या पिशवीत राहू देऊ नका, एजंट चुलत मामा असला तरी.