अॅक्रिलिकमधली जुनी नाणी: ठोकळा कसा पारखायचा, कसा जपायचा

पारदर्शक अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात कायमची बंदिस्त केलेली नाणी ही मुख्यतः अमेरिकेतली गंमत. गेल्या शतकाच्या मध्यापासून पुढे तिथे पेपरवेट, किचेन, अॅशट्रे, इतकंच काय, संडासाच्या सीटमध्येसुद्धा नाणी ओतून विकली गेली. आज हे ठोकळे गराज सेल, एस्टेट सेल (घरातल्या जुन्या सामानाची विक्री) आणि ऑनलाइन लिलावात मिळतात. आतलं नाणं बहुधा अगदी साधं, चलनात फिरलेलं असतं. म्हणून आधी प्लास्टिक पाहायचं, मग नाणं. ठोकळाच खराब असेल, तर आतल्या नाण्याच्या मोहात पडण्यात अर्थ नाही.

अॅक्रिलिक की रेझिन?

लुसाइट हे मुळात ड्यूपाँट कंपनीचं अॅक्रिलिकसाठीचं व्यापारी नाव, पण विक्रेते कुठल्याही पारदर्शक ठोकळ्याला लुसाइट म्हणतात. त्यातले बरेच पॉलिएस्टर रेझिनचे असतात, म्हणजे घरी ओतण्याच्या किटमधून केलेले. ठोकळा पांढऱ्या कागदावर ठेवून कडेने पाहा. जुनं पॉलिएस्टर मधासारखं पिवळं पडतं. चांगलं अॅक्रिलिक कित्येक दशकांनंतरही जवळपास रंगहीन राहतं. रेझिन थराथराने ओततात: खालचा थर घट्ट झाला की त्यावर नाणं ठेवायचं आणि वरून दुसरा थर. त्यामुळे नाण्याच्या पातळीत एक बारीक आडवी रेघ दिसते. साच्याच्या उघड्या तोंडाकडची बाजू मध्ये किंचित खोलगट आणि कडांना चढलेली असते. काच असेल तर हाताला गार लागते आणि वाजवल्यावर टणकन आवाज येतो.

दोन-तीन अॅक्रिलिक पट्ट्यांमध्ये नाणं ठेवून चार स्क्रूंनी आवळलेले होल्डर हा निराळा प्रकार. त्यातलं नाणं काढता येतं, त्यामुळे त्याची किंमत नेहमीच्या सुट्या नाण्यासारखीच ठरते.

फसवी चकाकी

नाण्याच्या एखाद्या भागावर आरशासारखी रुपेरी चमक दिसते आणि विक्रेता ती टांकसाळीची मूळ झळाळी म्हणून सांगतो. ठोकळा हळूहळू तिरका करा. चमकीला स्पष्ट किनार असेल आणि विशिष्ट कोनात ती एकदम उजळून पुन्हा नाहीशी होत असेल, तर तिथे प्लास्टिक नाण्यापासून सुटलंय. मधल्या हवेच्या पातळ थरावरून प्रकाश परततो, एवढंच. कारण साधं आहे: तापमान बदललं की अॅक्रिलिक चांदी-तांब्याच्या सुमारे चौपट प्रसरण-आकुंचन पावतं. उन्हात उभ्या गाडीत राहिलेला किंवा माळ्यावर उन्हाळे-हिवाळे काढलेला ठोकळा असा सुटतो. यावर घरगुती उपाय नाही. कडेला नखाएवढा डाग असेल तर चालवून घ्या, नाण्याचा चेहरा झाकला असेल तर सोडा.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा त्याहून वाईट. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर वापरल्याने त्या पडतात. खोल गेलेल्या भेगा पॉलिशने जात नाहीत.

प्लास्टिकमधून नाणं ओळखणं

वजन करता येत नाही, त्यामुळे साल, कडा आणि चुंबक यांवर भिस्त. घुमटाकार ठोकळा भिंगाचं काम करतो, म्हणून व्यासाचा अंदाज सपाट बाजूने घ्या. खोलीही फसवते: १५ मिमी खाली असलेलं नाणं वरून पाहताना १० मिमीवर असल्यासारखं वाटतं.

१९६४ पर्यंतचे अमेरिकन डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे आहेत. शुद्ध चांदी अनुक्रमे २.२५, ५.६२ आणि ११.२५ ग्रॅम. १९६५ ते १९७० चा केनेडी हाफ डॉलर ४० टक्के, म्हणजे ४.६ ग्रॅम. साल पुसट असेल आणि ठोकळ्याची बाजू पॉलिश केलेली असेल, तर नाण्याची कड पाहा: १९६५ पासूनच्या डाइम-क्वार्टरच्या कडेवर तांब्याची लालसर पट्टी स्पष्ट दिसते, चांदीच्या नाण्यावर नसते. १९४२ ते १९४५ च्या निकेलवर (पाच सेंटचं नाणं) इमारतीच्या घुमटावर मोठं टांकसाळचिन्ह (टांकसाळ सांगणारं अक्षर) असेल, तर त्यात ३५ टक्के चांदी आहे.

१९४३ चा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. ठोकळ्यात तो तांबूस दिसला की दुर्मीळ तांब्याचा सेंट सापडला म्हणून लोक हुरळतात. छोटं निओडिमियम चुंबक दोऱ्याला टांगून नाण्याच्या सर्वांत जवळच्या पृष्ठभागाशी न्या. दोरा ओढला गेला तर ते तांब्याचा मुलामा चढवलेलं पोलादच. ओढला गेला नाही, तरी लगेच नाचू नका. १९४८ मधला ८ घासून ३ केलेली नाणी फिरतात. खऱ्या ३ चं शेपूट इतर आकड्यांच्या खाली उतरतं, घासलेल्याचं उतरत नाही.

हाच चुंबक भारतीय नाण्यांनाही उपयोगी. सहाव्या जॉर्जचा १९४७ चा रुपया निकेल धातूचा, म्हणून चुंबकाला ओढला जातो. १९४० ते ४५ चा निम्म्या चांदीचा, तो ओढला जात नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असा ठोकळा 'चांदीचा रुपया' म्हणून पुढे आला, तर चुंबक खिशात असलेला बरा. स्पॅनिश किंवा रोमन नाणी असलेले पेपरवेट मात्र नक्कल धरूनच चाला.

भाव आणि 'काढून घेऊ' हा विचार

चांदीच्या नाण्याच्या ठोकळ्याला त्या दिवसाच्या चांदीच्या भावाच्या फार वर जाऊ नका. जास्त द्यायचंच, तर ते ठोकळ्याची घडण, छापलेली जाहिरात किंवा स्वच्छ ओतकाम यासाठी. नाणं बाहेर काढायचा विचार सोडा. अॅसिटोनमध्ये अॅक्रिलिक फुगतं, चिकट होतं, दिवसेंदिवस वेळ घेतं, आणि ती वाफ पेट घेणारी असते. पॉलिएस्टर तर विरघळतच नाही, फुगून तडकतं. करवतीने कापताना नाण्याला चरा हमखास पडतो. एवढं करून हाती येतं साधं नाणं, आणि ठोकळा गेलेला असतो.

चरे काढणं

आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून बोटांनीच धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपा. कोरड्या कापडाने धूळ पुसली की नवे चरे पडतात.

चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर वॉटरपेपर (पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर) नको. प्लास्टिक पॉलिश किंवा बारीक रबिंग कंपाउंड पुरे. अडकत असेल तर ६०० नंबरने सुरुवात करून ८००, १०००, १५००, २००० असं चढत जा. कागद सपाट काचेवर पाण्याने चिकटवा आणि ठोकळा त्यावर फिरवा. हातात कागद धरून घासलं तर कडा गोल होतात. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा संपल्या की नाही ते दिसतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद उचलू नका. बहुतेकांची घाई इथेच नडते: २००० वर पोहोचल्यावर ८०० ची एक रेघ दिसते आणि सगळं पुन्हा. दर वेळी ठोकळा, काच आणि हात धुवा, मागे राहिलेला एक जाडा कणही पुरतो.

शेवटी पॉलिश हाताने. ड्रिलला बफ (पॉलिशची मऊ चकती) लावला तर पृष्ठभाग तापून मऊ पडतो आणि लाटा उमटतात. ज्योत फिरवून चकाकी आणायची युक्ती इथे नको. तिने पृष्ठभागात ताण राहतो आणि पुढे स्पिरिटचा हात लागला की भेगा पडतात.

स्वतः ओतायचं असेल तर

चालू चलनातली नाणी वापरू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाण्याचा उपयोग चलन म्हणूनच करायचा आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनात नाहीत, ती घ्या. शंभर वर्षांहून जुनी नाणी मात्र पुरावस्तू ठरतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, मग ती ठोकळ्यात असोत वा सुटी.

ठेवताना

मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठोकळा ठेवू नका. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ अॅक्रिलिकमध्ये मुरतो आणि पाकीट पृष्ठभागाला चिकटतं. सुती कापड किंवा साधी पॉलिथिनची पिशवी चालते. ठोकळे एकमेकांवर रचू नका. घुमटाकार पेपरवेट खिडकीत, कागदांवर तर मुळीच नको: ऊन एका बिंदूवर एकवटून खालचा कागद करपू शकतो.